रवंथ करते का तो बैल?

२०२२च्या सप्टेंबरमध्ये मी 'टिंग्या' दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होतो, टीव्हीवर लागला होता आणि मी मनसोक्त रडलो होतो. या वेळी कारध्याच्या घरी, कोठ्यात, बाजेवर बसून मोबाईलवर पाहत होतो, कारण रात्रभर जागायचं होतं. समोर आमची गाय चांदी उभी होती. अंगभर गाठी, पुढचे दोन्ही पाय सुजलेले, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. लम्पीचा पाचवा दिवस होता. पाय दुखत असल्यामुळे तिला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

बाबा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करून आले आणि माझ्याजवळ टेकले. दहा-पंधरा मिनिटं त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चितंग्या बैल जखमी होऊन पडलेला, पोरगा त्याच्याजवळ बसलेला. बाबांनी एकच विचारलं, "हा बैल रवंथ करते का?"

मी म्हटलं, "पिक्चर आहे बाबा."

"पिक्चर हाये ते मालूम हाये. पन पाय गेला तं गेला, पोट चालू हाये का नाई ते तं पाहा." एवढं बोलून ते उठले आणि टॉर्च घेऊन चांदीचं शेण पाहायला गेले.

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. बाबांनी सिनेमाबद्दल काही म्हटलं नव्हतं. जनावर पडलं की कोणीही शेतकरी जे विचारेल ते त्यांनी विचारलं होतं. पण 'टिंग्या'वर मी जेवढं वाचलं आहे, त्यात हा प्रश्न विचारलेला मला आढळला नाही. पुढे मी आवडती मराठी पुस्तकं आणि सिनेमे या प्रश्नासकट पुन्हा पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्या गोष्टींत जनावर मरतं, विकलं जातं, उपाशी राहतं, हरवतं. आजारी मात्र पडत नाही.

आधी 'टिंग्या'बद्दलच बोलू, कारण या विषयाच्या सगळ्यात जवळ गेलेला मराठी सिनेमा तोच आहे. मंगेश हाडवळे यांचा हा २००८चा सिनेमा जुन्नर भागात घडतो. बिबट्यासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून बैल जायबंदी होतो. लागवडीचा हंगाम तोंडावर आलेला, डोक्यावर कर्ज. कारभारीला दुसरा बैल घ्यायचा तर हा विकावा लागणार आणि न चालणारा बैल कोण घेणार? कसाईच. टिंग्याला हे मान्य नाही. त्याच्या मैत्रिणीची, रशिदाची, म्हातारी नानी आजारी आहे. तिच्यावर उपचार होतात, मग चितंग्यावर का नाहीत, असं तो विचारतो. शरद गोयेकरने हा पोरगा असा उभा केला की त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो त्याच्या हक्काचाच होता.

सिनेमाचं मोठेपण मला अजूनही मान्य आहे. बाप खलनायक नाही. कसाईसुद्धा खलनायक नाही. बापाचं गणित चुकीचं नाही आणि पोराचा प्रश्नही चुकीचा नाही. दोन बरोबर माणसं एकमेकांसमोर उभी करणं फार कमी सिनेमांना जमतं.

पण दिग्दर्शकाने बैलाला जखम दिली, आजार दिला नाही. या निवडीमुळे गोष्ट कितीतरी सोपी होते. जखम एका क्षणात होते आणि सगळ्यांना दिसते. ती कोणाला लागत नाही. तिच्यात कोणाची चूक नसते, आणि असलीच तर सापळा लावणाऱ्याची. शेजारच्या गोठ्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. त्यामुळे 'टिंग्या'तला नैतिक प्रश्न एका घरात, एका बापलेकात मावतो. तो प्रश्न असा: ज्याचा उपयोग संपला त्याच्यावर माया करायची की नाही? प्रश्न मोठाच आहे, पण शुद्ध आहे. आजार एवढा शुद्ध प्रश्न विचारत नाही.

आता आमच्या कोठ्यात काय झालं ते सांगतो. यात कौतुकाचं काही नाही.

चांदीच्या मानेवर पहिल्या गाठी आईने पाहिल्या. त्या दिवशी बाबा आईला आणि मला म्हणाले, "दोन दिवस कोनाले सांगू नका." आमचं दूध सहा घरी जात होतं. लम्पी माणसाला होत नाही, हे सगळीकडून सांगितलं जात होतं आणि ते खरंही आहे. पण व्हॉट्सअॅपवर गाठी आलेल्या गाईंचे फोटो फिरत होते आणि लोकांनी दूध बंद करायला सुरुवात केली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना बोलावलं. मधल्या दोन दिवसांत चांदी वेगळी बांधली नव्हती, कारण वेगळी बांधली असती तर सगळ्यांना कळलं असतं. ती गायकीच्या कळपात जाऊनही आली. शेजारच्या काकाजींनी कुंपणावरून विचारलं होतं, "तुमच्या गाईले काय झालं जी?" बाबा म्हणाले, "काई नाई जी, माशी चावली."

एका अर्थाने ते खोटं नव्हतं. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा भाऊबंद. तो पसरतो तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे.

पुढच्या दीड आठवड्यात काकाजींच्या कालवडीला गाठी आल्या. नऊ दिवसांनी ती मेली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात, कधी चार आठवडेसुद्धा. त्यामुळे कोणती माशी कोणाच्या अंगावरून कोणाच्या अंगावर गेली, हे कधीच सिद्ध होणार नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिस्टीम कोसळली की लॉग उघडून नेमकं कुठे बिघडलं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. चांदीचाही लॉग मी ठेवला होता, मोबाईलच्या नोट्समध्ये: ताप किती, पाणी किती, किती भाकरी खाल्ली, रवंथ होय की नाही. त्या लॉगमध्ये पहिले दोन दिवस कोरे आहेत.

आता सांगा, ही गोष्ट 'टिंग्या'च्या साच्यात बसते का? इथेही एक बाप आहे, त्याचं गणित आहे, जनावरावर माया आहे. पण इथे माया करणाऱ्यानेच लपवलं. उपयोग आणि प्रेम यांच्यात इथे भांडण नाही, दोन्ही एकाच बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला शेजारी आहे. जनावराचा आजार तुम्हाला गावाशी जोडतो, आणि आपल्या ग्रामीण गोष्टीला नेमकी हीच जागा अवघड जाते. दुःख घराच्या उंबरठ्याआत असलं की ती ते फार सुंदर सांगते.

'टिंग्या'ला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, ही सवय जुनी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) मेंढरांशिवाय पान हलत नाही, पण त्यांच्यावर येणारं संकट दुष्काळाचं आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) नारबा गड्याचं सगळं नातं जनावरांशी आहे आणि ट्रॅक्टर आल्यावर ती एकेक करून जातात. जनावरांच्या शरीराबद्दल एवढ्या जवळून लिहिलेली मराठीत दुसरी कादंबरी मला माहीत नाही. तरीही तिचा कणा आहे तो यंत्र आलं आणि गोतावळा गेला हाच. 'सत्तांतर'मध्ये माडगूळकर वानरांच्या टोळीतलं राजकारण दाखवतात, तिथे मरण येतं ते दातांनी. दुष्काळ, यंत्र, सत्ता ही सगळी मोठी, नाव घेण्याजोगी कारणं आहेत. त्यांच्यावर परिसंवाद भरवता येतो. तिवा, फऱ्या, घटसर्प, गोचीड ताप, दगडी झालेली कास यांच्यावर कोण परिसंवाद भरवणार?

माझ्या मते याचं एक कारण तंत्राचं आहे. मरण गोष्टीला शेवट देतं, आजार फक्त दिवस देतो. तिवा घ्या. बैल अचानक लंगडतो, थरथरतो, खाली बसतो, घरात रडारड होते आणि तीन दिवसांनी बहुतेक वेळा तो आपणच उठून उभा राहतो. या तीन दिवसांची गोष्ट कशी लिहायची? काही घडलंच नाही, असं संपादक म्हणेल. पण ज्याच्या घरी ऐन रोवणीच्या हंगामात तिवा आला आहे त्याला विचारा काय घडलं. बांध्यांत चिखल तयार आहे, रोवणीला बाया सांगून ठेवल्या आहेत आणि बैल उठत नाही. भाताच्या पट्ट्यात तीन दिवस म्हणजे काय ते आमच्याकडच्या कोणालाही कळेल.

हे लिहिता येत नाही असं नाही. जगात लिहिलं गेलं आहे. थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) या कादंबरीत मेंढ्या कोवळ्या चाऱ्याच्या शेतात घुसतात आणि त्यांची पोटं फुगतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या चाऱ्यावर जनावरं तुटून पडली की होते तीच पोटफुगी. कुशीत नेमक्या जागी नळी टोचून हवा काढणं फक्त गॅब्रिएल ओकला येतं आणि मालकिणीने त्याला नुकतंच कामावरून काढलेलं असतं. आता तिला त्याला विनवावं लागतं. एका आजाराने हार्डी मालक-नोकर, बाई-पुरुष, गर्व-गरज हे सगळं एका दुपारीत उलटं करून दाखवतो. ते शक्य होतं कारण त्याला पोटफुगी नेमकी माहीत आहे: किती वेळ हातात असतो आणि कुठे टोचायचं असतं.

जॉन स्टाइनबेकच्या 'द रेड पोनी'मध्ये शिंगरू पावसात भिजतं, सर्दी होते, जबड्याखाली गाठ येते. पाऊस येणार नाही असं पोराला सांगणारा बिली बक हा घोड्यांमधला जाणता माणूस. तो गाठ फोडतो, पुढे श्वासनलिकेला भोक पाडतो, रात्री जागतो आणि हरतो. पोराला कळतं की जाणत्या माणसाचंही चुकतं. इथे मरण शेवटी येतंच, पण गोष्ट मरणाची नाही. ती आधीच्या दिवसांची आहे, रोज थोडी आशा आणि रोज एक नवी खूण.

आणि दोन हजार वर्षांपूर्वी व्हर्जिलने 'जॉर्जिक्स' या शेतीवरच्या काव्याचा तिसरा भाग संपवला तो गुरांच्या साथीने. नांगर ओढता ओढता बैल कोसळतो आणि नांगऱ्या खिन्नपणे त्याच्या जोडीदाराच्या मानेवरचं जू काढतो. शेतीवर लिहायचं तर साथीवर लिहावं लागेल, हे त्याला उघड दिसत होतं.

आपल्याकडे तर यासाठी साहित्य ओसंडून वाहत होतं. बुळकांडी हा शब्द माझ्या वयाच्या किती जणांनी ऐकला आहे? इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणतात. ताप, तोंडात व्रण, मग हगवण आणि आठ-दहा दिवसांत मरण, गोठेच्या गोठे रिकामे. या रोगाच्या धास्तीनेच १८८९ मध्ये पुण्यात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडी गावच्या गुरांपुरती थांबत नसे, रानगव्यांनाही होई. २००६ मध्ये भारत या रोगातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून तो संपल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेले रोग दोनच: देवी आणि बुळकांडी. शंभर-सव्वाशे वर्षांची ही लढाई, गावोगाव लस टोचत फिरलेली माणसं, लपवलेली गुरं, मातामायला बोललेले नवस. यावरची एक ठसठशीत मराठी कादंबरी मी अजून शोधतो आहे. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, माझा मुद्दा चुकला तर आनंदच होईल.

छापील साहित्यात नाही ते आमच्याकडे रस्त्यावर सापडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत निघते. नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. गावात हे साधं असतं. रोगराई, खोकला, ढेकूण, डास यांची नावं घेत घेत ते सगळं मारबतीबरोबर शिवेबाहेर घालवायचं. आदल्या दिवशी बैलांना सजवायचं आणि दुसऱ्या दिवशी रोगाला हाकलायचं. कला म्हणून पाहिलं तर ही आपल्या कथा-कादंबऱ्यांपेक्षा धीट आहे, कारण ती रोगाचं नाव घेते आणि तो सगळ्या गावाचा आहे हे मानते. तिची मर्यादाही तिथेच आहे. शिवेबाहेर टाकलेलं पुढच्या गावाच्या शिवेत पडतं. आम्ही चांदीचा आजार दोन दिवस लपवला, तेव्हा वेगळं काय केलं? आमच्या कुंपणाबाहेर ढकलला, एवढंच.

इथवर मी 'आपलं साहित्य' असं सरसकट म्हणत आलो. ते थांबवायला हवं. कारण जनावर मेल्यावर ग्रामीण गोष्ट जिथे संपते तिथून पुढे दलित आत्मकथन सुरू होतं. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचताना मला हे पहिल्यांदा कळलं. मेलेलं ढोर ओढायचं कोणी, फाडायचं कोणी, त्याचं मांस कोणाच्या वाट्याला येणार, हे सगळं जातीने ठरलेलं होतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' त्या मांसाचं काय केलं जाई, ते कसं वाळवलं जाई, इथपर्यंत जातं. मालकाच्या गोष्टीत बैल मेला की डोळे पुसले जातात आणि पान उलटतं. पुढच्या पानावर ते धूड कोणीतरी ओढून नेत असतं.

याकडे आजाराच्या बाजूने पाहिलं की अंगावर काटा येतो. फाशी हा रोग घ्या, ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात. जनावर अचानक मरतं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतं. पशुवैद्यकाचा पहिला नियम असा की हे जनावर फाडायचं नाही. फाडलं की जंतू हवेत कवच धरून बीजरूप होतात आणि मातीत अनेक वर्षं टिकतात. फाडणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठते. आता विचार करा, ज्याला हे फाडणं जातीने सक्तीचं होतं आणि ज्याच्या घरी दुसरं मांस नव्हतं, त्याला हा नियम कोणी सांगितला असेल? रोग कोणाला लागणार हेही वतनासारखं वाटून दिलेलं होतं. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा असं सांगितलं. आपण ते स्वाभिमानाचं पाऊल म्हणून वाचतो आणि ते होतंच. पण ते सार्वजनिक आरोग्याचंही पाऊल होतं, हे मला फाशीबद्दल वाचल्यावर उमगलं. १९५४च्या पोटनिवडणुकीत याच आंबेडकरांना आमच्या भंडाऱ्याने हरवलं, हे मात्र शाळेत आम्हाला कोणी ठासून सांगितलं नाही.

म्हणजे आजारी जनावराचं मराठी साहित्य अर्धं अर्धं वाटलेलं आहे. मालकाच्या बाजूने जिवंत जनावराची माया, राबणाऱ्याच्या बाजूने मेलेल्या जनावराचं ओझं. मधले दिवस, ज्यात ते ना धड जिवंत असतं ना मेलेलं, कोणाच्याच वाट्याला आलेले नाहीत.

रानातल्या जनावरांचं तर विचारूच नका. कारध्याहून कोका अभयारण्य फार लांब नाही आणि पुढे नागझिरा आहे. आम्ही वाघाच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. त्या गोष्टींतला वाघ शिकार करतो, शिकार होतो, लढतो, म्हातारा होतो. त्याला ताप येत नाही. पण २०१८ मध्ये गीरला काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि त्यातल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपर सापडला, म्हणजे गावच्या कुत्र्यांमध्ये असतो तो विषाणू. २०२४च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. जानेवारीत अहवाल आला, बर्ड फ्लू. माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूरकडून आणलेले ते वाघ होते. खायला दिलेल्या कोंबडीतून विषाणू आला असावा, असा संशय घेतला गेला. जंगलाच्या राजाला पोल्ट्रीच्या रोगाने मारलं, ही ओळ कोणा लेखकाने कल्पनेतून लिहिली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेलं प्रतीक म्हटलं असतं.

लाळ्या खुरकूत हा गोठ्यातला सगळ्यात ओळखीचा रोग. गाई-म्हशींच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात. तो रानगव्याला, हरणाला, रानडुकरालाही होतो. गावची गुरं रानात चरतात, रानडुकरं रात्री आमच्या धानात येतात. गाव आणि रान यांच्यात आपल्या साहित्याने आखलेली रेघ विषाणूने कधीच मानलेली नाही. 'टिंग्या'त बिबट्याचा सापळा आहे, म्हणजे रान गावात आलेलं आहे हे हाडवळ्यांना ठाऊक आहे. पण रान तिथे भीती म्हणून येतं. ते रोजच कुत्र्यांतून, माश्यांतून, पाण्यातून आपल्यात मिसळलेलं आहे, असं येत नाही.

यावर कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काय पशुसंवर्धन खात्याची माहितीपुस्तिका आहे का? नाही. हार्डी माहितीपुस्तिका लिहीत नव्हता. मला कथेत लसीकरणाचं वेळापत्रक नको आहे. मला बाबांच्या प्रश्नाला जागा हवी आहे. 'रवंथ करते का' हा प्रश्न विचारणारा माणूस जनावराला प्रतीक मानत नाही, त्याच्या पोटात काय चाललं आहे ते त्याला जाणून घ्यायचं असतं. आपल्या गोष्टींतला बैल बहुतेक वेळा शेतकऱ्याचं दुःख वाहतो. त्याला स्वतःचा ताप येऊ दिला, तर तो पहिल्यांदा बैल होईल.

आणि यात फक्त साहित्याचा प्रश्न नाही. २०२२ मध्ये राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याचं काम निघालं, बाजार आणि शर्यती बंद झाल्या. लम्पीने जनावर मेलं तर मदत जाहीर झाली: दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. मदत गरजेचीच होती. पण ती मेल्यावरची होती. महिना-दीड महिना आजारी राहून जगलेल्या गाईचं दूध गेलं, तिच्यापाशी बसून बुडलेली रोजी गेली, त्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. पावसाळ्यात आमच्या गावाचं नाव बातम्यांत येतं ते वैनगंगेच्या पातळीमुळे. कारध्याच्या पुलाजवळ पाणी २४५.५० मीटरला पोचलं की धोका, हे लहान पोरालाही पाठ असतं. पूर मोजता येतो म्हणून त्याची बातमी होते. मरण मोजता येतं म्हणून त्याची भरपाई होते आणि त्याची गोष्टही होते. आजारपण कोणी मोजत नाही.

'टिंग्या'चं कथानक आज तसंच्या तसं घडूही शकणार नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. आजच्या कारभारीला चितंग्याचे कायदेशीर पैसेच येणार नाहीत. मग तो काय करेल? दावणीला ठेवून चारा घालेल, की एका रात्री महामार्गाकडे सोडून देईल? हा सिनेमा अजून कोणी काढलेला नाही. काढला तर टिंग्याचा प्रश्न उलटा विचारावा लागेल: मारायचं नाही हे ठरलं, पण जगवायचं कोणी?

चांदी जगली. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास गाठींच्या खपल्या पडल्या आणि तिथे खड्डे राहिले. पाच लिटरवरचं दूध दीडवर आलं ते परत चढलं नाही. सहापैकी दोन घरांनी पुन्हा दूध सुरू केलं. काकाजींना कालवडीचे १६ हजार मिळाले. बाबा त्यांच्याकडे गेले होते, पण दोघं धानाबद्दल बोलून परत आले. माझ्या अंदाजाने काकाजींना माहीत आहे. त्यांनी विचारलेलं नाही आणि आम्ही सांगितलेलं नाही. ज्या गोष्टीला शेवट नसतो म्हणून ती लिहिली जात नाही, ती हीच.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी चांदी विकली. दुसऱ्या गावचा एक माणूस आला, दुधासाठी नेतो म्हणाला. दूध नाही हे त्यालाही दिसत होतं. मी पुण्यात होतो, मला फोनवर कळलं. किती आले, एवढंच मी विचारलं.